धडधडणारे काळीज आणि दमसास



कोल्हापूरच्या दक्षिणेला कळंबा तलाव आहे. पहाटे तलावाच्या बाजूने फिरायला येणारे बरेच असतात. मीही त्यांतलाच एक. गेल्या वर्षी थंडीच्या दिवसांत आमच्याच गल्लीतली नववीतली एक मुलगी मला तिथे एका दगडावर बसलेली दिसली. ही मुलगी एअर रायफल चालवते. आदल्या दिवशी तिची स्पर्धा होती.

"काय गं, कशी झाली स्पर्धा?" मी विचारले.

"सर, सरावात चांगले गुण पडतात, पण स्पर्धेत हातच थरथरतो. शिकवणारे म्हणाले, तुझं काळीजच लहान आहे. नेमबाजी तुझं काम नव्हे."

मी महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवतो. मी डॉक्टर नव्हे, क्रीडाशिक्षकही नव्हे. पण 'काळीज लहान' हे शब्द मला खटकले. काळीज लहान की मोठे, हे ठरवायचे कसे? आणि ते लहान असेल, तर मोठे करता येते की नाही? या प्रश्नांची उत्तरे विज्ञानाने बरीचशी दिली आहेत. त्यांवरून माझे एक ठाम मत झाले आहे. ते असे की, स्पर्धेतली भीती हा स्वभावाचा दोष नाही. ती शरीराची एक क्रिया आहे आणि शरीराच्या इतर क्रियांप्रमाणे तिलाही वळण लावता येते. हे वळण लावण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे रोज धावणे. म्हणून एका जागी उभे राहून खेळण्याचा खेळ असला, तरी खेळाडूने धावलेच पाहिजे.

आता हे मत पारखून पाहू.

आपल्या भाषेत भीतीसाठी किती वाक्प्रचार आहेत, ते आठवा. उरात धडकी भरते, तोंडचे पाणी पळते, पोटात गोळा येतो, अंगावर काटा येतो, दरदरून घाम फुटतो. हे वाक्प्रचार म्हणजे शरीरशास्त्राचा एक धडाच आहे. संकट समोर दिसताच मेंदू मज्जातंतूंमार्फत शरीराला इशारा देतो आणि मूत्रपिंडांवरच्या छोट्या ग्रंथींतून अॅड्रेनलिन रक्तात उतरते. हृदय जोरात आणि भरभर चालू लागते, ही झाली धडकी. पातळ लाळ सुटणे कमी होते, हे तोंडचे पाणी पळणे. पोटाकडचे रक्त स्नायूंकडे वळवले जाते, तोच पोटातला गोळा. केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, हा काटा. पुढे धावपळ होणार, अंग तापणार, म्हणून घाम आधीच येतो.

वाघ समोर असेल, तर ही सारी तयारी उपयोगाची आहे. पळायला किंवा झुंजायला ती मदत करते. पण नेमबाजाला पळायचेही नसते आणि झुंजायचेही नसते. त्याला स्थिर उभे राहायचे असते. तिथे हीच तयारी आड येते. किती आड येते, हे भूमितीने काढता येईल.

५० मीटर रायफल प्रकारात लक्ष्यावरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. म्हणजे मध्यबिंदूपासून कडेपर्यंत ५.२ मिलिमीटर. समजा, नेमबाजाच्या खांद्यापासून नळीच्या टोकापर्यंतचे अंतर एक मीटर आहे. खांदा स्थिर राहिला आणि टोक फक्त ०.१ मिलिमीटर सरकले, तर समरूप त्रिकोणांच्या नियमाने ५० मीटरवर गोळी त्याच्या पन्नासपट, म्हणजे ५ मिलिमीटर सरकेल. ०.१ मिलिमीटर म्हणजे आपल्या डोक्याच्या एका जाड केसाइतके अंतर. आपण 'केसाने वाचलो' म्हणतो, तसा हा नेमबाज अक्षरशः केसाने चुकतो!

आणि हे टोक हलवायला वारा हवा असे नाही. आपले हृदयच ते हलवते. बंदुकीतून गोळी पुढे जाते, तेव्हा बंदूक मागे धक्का देते. न्यूटनचा तिसरा नियम तुम्ही शिकला आहात. हृदयही दर ठोक्याला रक्त महारोहिणीत ढकलते आणि त्याची प्रतिक्रिया म्हणून सारे शरीर किंचित हलते. वजनाच्या अतिशय नाजूक काट्यावर निश्चल उभे राहिले, तर नाडीच्या तालावर काटा थरथरताना दिसतो. शिवाय दंडातल्या रोहिणीची उडी रायफलच्या पट्ट्यातून थेट बंदुकीला पोहोचते. नेमबाज जाड, ताठ कोट घालतात, तो अंग स्थिर राहावे आणि ही उडी बंदुकीपर्यंत कमी पोहोचावी म्हणून.

आता ठोक्यांचा हिशेब करा. मिनिटाला ७५ ठोके पडत असतील, तर एका ठोक्याला ०.८ सेकंद मिळतो. त्यात हृदय सुमारे ०.३ सेकंद आकुंचन पावते आणि ०.५ सेकंद विसावते. भीतीने ठोके १५० झाले, की एका ठोक्याला ०.४ सेकंदच उरतो. आकुंचनाचा वेळ थोडासाच कमी होतो. कात्री लागते ती मुख्यतः विसाव्याला. धक्के वाढतात आणि दोन धक्क्यांमधली शांतता आटते.

म्हणून काहींनी आडवाट शोधली. बीटा-ब्लॉकर नावाची औषधे हृदयावर होणारा अॅड्रेनलिनचा परिणाम रोखतात. हृदयरोग्यांना ती वरदान ठरली. या गटातले प्रोप्रॅनोलॉल शोधणारे जेम्स ब्लॅक यांना १९८८ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पण नेमबाजाने ती घेणे ही लबाडी होय, कारण त्यांनी हाताचा कंप आणि छातीची धडधड कमी होते. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याने पिस्तुलात एक रौप्य आणि एक कांस्य अशी दोन पदके मिळवली. चाचणीत प्रोप्रॅनोलॉल सापडले आणि दोन्ही पदके गेली. बंदुकीतली गोळी नीट लागावी म्हणून पोटात घेतलेली गोळी अशी अंगाशी आली.

मग सरळ वाट कोणती? एरोबिक व्यायाम. भरपूर प्राणवायू घेत बराच वेळ एका लयीत करायचा व्यायाम म्हणजे एरोबिक व्यायाम. धावणे, पोहणे, सायकल चालवणे, भराभर चालणे, दोरीवरच्या उड्या हे सारे त्यात येते. अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ साली या नावाचे पुस्तक लिहिले आणि हा शब्द सगळीकडे पोहोचला. कोल्हापूरला मात्र ही कल्पना नवीन नाही. आमच्या तालमींतले वस्ताद पैलवानाची ताकद पाहतात, डाव पाहतात आणि त्याचबरोबर 'दमसास' पाहतात. ज्याचा दम टिकतो, त्याचे डोके शेवटपर्यंत चालते, हे मातीतले जुने शहाणपण आहे.

दमसास वाढल्यावर हृदयात काय बदलते? विसाव्याच्या वेळी शरीराला मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त लागते. साधे हृदय एका ठोक्याला सुमारे ७० मिलिलिटर रक्त ढकलते. ७० मिलिलिटर गुणिले ७० ठोके म्हणजे ४.९ लिटर. अनेक महिने नियमित धावणाऱ्याच्या हृदयाचा डावा कप्पा मोठा होतो आणि एका ठोक्याला जास्त रक्त ढकलतो. तो १०० मिलिलिटर ढकलू लागला, तर ५० ठोक्यांतच ५ लिटरचे काम होते. म्हणजे काळीज खरोखरच मोठे करता येते, अगदी मोजपट्टीने मोजण्याइतके! त्या मुलीला बोलणाऱ्यांना ही गोष्ट ठाऊक नसावी.

पण थांबा. ठोके कमी झाले म्हणजे भीती गेली, असे नाही. स्पर्धेच्या क्षणी सराव झालेल्या हृदयाचेही ठोके वाढतात. मग फायदा काय?

रस्त्यावरचा खड्डा डोळ्यांपुढे आणा. स्कूटर खड्ड्यात गेली की ती उसळणारच. नुसती स्प्रिंग असती, तर स्कूटर कितीतरी वेळ वरखाली होत राहिली असती. शॉक अॅब्सॉर्बर तिची दोलने झटपट विझवतो. खड्डा चुकत नाही, उसळणे थांबते. सराव झालेले हृदय असेच वागते. धावून थांबल्यावर त्याचे ठोके लवकर खाली येतात. हृदयाला आवर घालणारी व्हेगस ही मज्जारज्जूवरच्या भागातून निघणारी नस पुन्हा लगाम हाती घेते. स्पर्धेत एक गोळी चुकली की छातीत धस्स होणारच. पुढच्या गोळीपर्यंत ते शमते की वाढत जाते, यावर पदक अवलंबून असते.

आमच्याच जिल्ह्यातले उदाहरण घ्या. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत उभा होता. प्रकार होता ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स. यात आधी गुडघ्यावर बसून, मग पोटावर झोपून आणि शेवटी उभे राहून नेम धरायचा असतो. गुडघ्यावरचा टप्पा संपला, तेव्हा स्वप्नील सहावा होता. तिथून तो एकेक पायरी चढत गेला आणि ४५१.४ गुणांसह कांस्यपदकाचा मानकरी ठरला. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेत्या झाल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण जिंकले, तेही गुणांची बरोबरी झाल्यावर पुन्हा नेम धरून. बरोबरीनंतरची ती गोळी कोणाच्या छातीत धडधड उठवणार नाही? हे यश धावण्याने मिळाले, असे मी म्हणत नाही. त्यामागे वर्षानुवर्षांचा सराव आहे. पण खड्डा आल्यावरही गाडी सावरता येते, हे या तिघांनी दाखवले.

धावण्याचा आणखी एक फायदा आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. भीती वाटली की छाती धडधडते. पण घाबरट माणसाच्या बाबतीत उलटेही घडते. छाती धडधडते आहे हे जाणवले, की तो आणखी घाबरतो, आणि मग छाती आणखी धडधडते. हे दुष्टचक्र तोडायचे कसे? जो रोज धावतो, त्याची छाती रोज धडधडते, श्वास फुलतो, घाम येतो आणि दहा मिनिटांत सारे पूर्ववत होते. 'ही धडधड म्हणजे संकट नव्हे' हा धडा त्याचा मेंदू रोज गिरवतो. स्पर्धेच्या दिवशी तीच धडधड आली, की ती ओळखीची वाटते. शरीराच्या अशा खुणांची धास्ती काही आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाने कमी होते, असे मानसशास्त्रज्ञांना प्रयोगांत दिसले आहे.

बर्फाळ देशांतला बायथलॉन हा खेळ याची साक्ष देतो. यात खेळाडू बर्फावरून स्कीवर वेगाने येतात आणि लगेच ५० मीटरवरच्या लक्ष्यांवर नेम धरतात. छाती अजून भात्यासारखी चालत असते. तरी झोपून मारायच्या वेळी ४५ मिलिमीटर व्यासाचे लक्ष्य ते टिपतात. शांत उभ्या असलेल्या नेमबाजाइतका बारीक नेम त्यांना लागत नाही, हे खरे. पण धडधडत्या छातीनेही काम करता येते, हे त्यांनी सरावाने साधले आहे.

मग अगदी दगडासारखे थंड व्हावे काय? नाही. रॉबर्ट यर्कीस आणि जॉन डॉडसन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९०८ साली उंदरांवर प्रयोग केले. चुकीच्या खोक्यात शिरणाऱ्या उंदराला विजेचा झटका बसे. काम सोपे असेल, तेव्हा झटका जितका जोराचा तितके उंदीर लवकर शिकत. काम अवघड असेल, तेव्हा मात्र मध्यम झटकाच सर्वांत उपयोगी ठरे. माणसाचेही काहीसे असेच आहे. वजन उचलणाऱ्याला जास्त चेव चालतो, नेमबाजाला थोडा कमी लागतो, पण शून्य कोणालाच चालत नाही. टोकियो ऑलिंपिक २०२१ साली झाले. तिथे तिरंदाजांच्या हृदयाचे ठोके दूरदर्शनच्या पडद्यावर दाखवत होते. महिलांच्या अंतिम सामन्यातल्या निर्णायक बाणाच्या वेळी दक्षिण कोरियाच्या आन सान हिचे ठोके ११८ च्या आसपास होते आणि तिच्या प्रतिस्पर्धिनीचे १६० च्या वर. आन सान जिंकली. पण ११८ म्हणजे काही झोपेतले ठोके नव्हेत. विजेतीलाही धडधड होतीच!

धावणे म्हणजे मंत्र नव्हे, हेही सांगितले पाहिजे. धावण्याने नेम येत नाही. नेम नेमाच्याच सरावाने येतो. आधीच भरपूर व्यायाम करणाऱ्या मोठ्या खेळाडूने आणखी धावून त्याची चिंता तितकीच आणखी घटते, असेही नाही. विश्रांती न घेता अति व्यायाम केला, तर उलट झोप उडते, चिडचिड वाढते आणि खेळ खालावतो. स्पर्धेच्या दिवशी दमेपर्यंत धावणे हा तर वेडेपणाच. आणि एखाद्याला रोजच, खेळ नसतानाही, भीतीने ग्रासले असेल, तर त्याने घरच्यांशी बोलावे आणि डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ताप आल्यावर डॉक्टरकडे जाण्यात जशी लाज नाही, तशी यातही नाही.

आता माझी तक्रार सांगतो. ती शिक्षकांविषयी आहे, पालकांविषयी आहे, म्हणजे माझ्याविषयीही आहे. दहावी जवळ आली की आपण पहिली कात्री खेळाच्या तासाला लावतो. ज्या वर्षी मुलांच्या उरात सर्वांत जास्त धडकी भरते, त्याच वर्षी धडकी शमवण्याचे साधन काढून घेतो! जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे की, ५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे अंग हलवावे आणि त्यात एरोबिक व्यायामाचा वाटा मोठा असावा. दहावीच्या मुलांना यातून सूट दिलेली नाही. कोणी म्हणेल, "अभ्यास बुडेल." मी विचारतो, धास्तावलेल्या डोक्याने तासभर पुस्तक उघडे ठेवणे म्हणजे अभ्यास काय?

दुसरी तक्रार भाषेची. "घाबरतोस काय?" असे ओरडल्याने कोणाचेही ठोके कमी झालेले नाहीत. ओरडणे हा स्वतःच एक खड्डा आहे. शिकवणाऱ्याने मुलाला शॉक अॅब्सॉर्बर द्यावा, खड्डे देऊ नयेत.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. स्वतः प्रयोग करून पाहा. सकाळी जाग आल्यावर अंथरुणातच मनगटाची नाडी पूर्ण एक मिनिट मोजा. असे सात दिवस करा आणि सरासरी काढा. मग आठवड्यातून पाच दिवस वीस-पंचवीस मिनिटे हळूहळू धावा. धावताना शेजारच्याशी बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवा. धावून थांबल्याबरोबर नाडी मोजा आणि एक मिनिट थांबून पुन्हा मोजा. दोन्ही आकड्यांतली वजाबाकी वहीत लिहा. बारा आठवडे हे चालू ठेवा आणि आलेख काढा. सकाळचे ठोके उतरतात का? वजाबाकी वाढते का? दमा किंवा हृदयाचा त्रास असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा. धावताना छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर लगेच थांबा.

त्या मुलीने हा प्रयोग केला. कळंब्याच्या तलावावर ती रोज पहाटे येऊ लागली. सुरुवातीला तिची सकाळची सरासरी ८४ होती. तीन महिन्यांनी ती ७५ झाली. एका मुलीच्या वहीवरून नियम सिद्ध होत नाही, हे तिलाही मी सांगितले. पुढच्या स्पर्धेनंतर ती भेटली. तिचा अकरावा क्रमांक आला होता.

"हात थरथरला का गं?" मी विचारले.

"थरथरला की सर! पण मी बंदूक खाली घेतली, दोन श्वास सोडले आणि पुन्हा उचलली. आता कळतं मला, थांबतंय ते."

तिने नेमबाजी सोडलेली नाही. मित्रांनो, तुमच्या पुढच्या स्पर्धेत किंवा परीक्षेत छाती धडधडू लागली, तर स्वतःला भित्रा म्हणू नका. हृदय आपले काम करते आहे. त्याला रोज सकाळी थोडे काम द्या, म्हणजे वेळ आली की ते तुमचे ऐकेल.